माझ्या वाट्याचा कर

४ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल. चष्म्याच्या दुकानात काचा घासता घासता तुझेच डोळे जात नाहीत ना, तेवढं कळव.

सोबत एक कागद आहे. बाबांच्या पश्चात खालच्या दोन्ही दुकानांचं भाडं मीच घेतो आणि त्यावरचा करही मीच भरतो, हे तुला ठाऊक आहे. आता कर सल्लागार म्हणतो की घर दोघांचं, तर भाडंही दोघांच्या उत्पन्नात दिसायला हवं. कशाला तुझ्या डोक्याला ताप? भाड्याशी तुझा संबंध नाही, एवढंच कागदात लिहिलंय. सही करून धाडून दे. बाबांच्या आजारपणात उशापायथ्याशी मी होतो, हे तू विसरली नसशीलच.

माया आहेच, ती कागदानं कमी होत नाही.
तुझा,
दादा

१२ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

डोळे शाबूत आहेत. म्हणूनच कागद नीट वाचला आणि सही न करता परत पाठवते आहे.

मीही इथल्या सल्लागाराकडे गेले. घरात वाटे ठरलेले असले की ज्याचा वाटा त्याच्या उत्पन्नात धरतात, भाडं कुणाच्या का हातात पडेना, असं त्यानं सांगितलं. बाबांनी तर मृत्युपत्रात निम्मं-निम्मं लिहिलंय. वर तो हसून म्हणाला की तुमचे भाऊ सगळं भाडं स्वतःच्या मोठ्या पगारात मिळवून उलट जास्तच कर भरताहेत, वाटून दाखवलं तर दोघांचा मिळून कमी होईल. दादा, मी तिथे हसले आणि बाहेर येऊन रडले. दमडीसाठी भाजीवालीशी हुज्जत घालणारा तू! सरकारला वरचे पैसे मोजशील, पण बहिणीला निम्मी मालकीण म्हणणार नाहीस?

बाबांचं सगळं तू केलंस. ते उपकार मी जन्मभर मानेन. पण त्यांची फेड हवी असेल तर तोंडानं माग, असा कागद पुढे सरकवू नकोस.

आणि ऐक. निम्मं भाडं मी माझ्या विवरणपत्रात दाखवलंय आणि त्यावरचा कर माझ्या पगारातून भरलाय. हातात एक पै आलेली नसताना! लोक कर चुकवतात, मी हट्टानं भरलाय. पुढच्या वर्षीही भरेन.

तुझा लोभ आटला तरी माझा आटणार नाही.
तुझी,
धाकटी

२० जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

भरून मोकळी झालीस! आता माझं विवरणपत्र दुरुस्त करणं आलं. सल्लागारानं त्याची फी घेतली ती घेतली, वर बहिणीनं बरंच केलं असंही ऐकवलं. तुझी वहिनी दोन दिवस माझ्याकडे बघून हसते आहे. लहानपणी अर्ध्या बिस्किटासाठी तू जमिनीवर लोळण घ्यायचीस. वय वाढलं, खोड तीच.

एवढी मालकीण व्हायची हौस आहे, तर घे. खालच्या शिंप्याच्या दुकानाचं छत गच्चीतल्या पाण्यानं गळतंय. कापडाचे गठ्ठे भिजले म्हणून तो रोज जिना चढून माझं डोकं खातो. गवंडी लावावा लागेल. निम्मा खर्च तुझा. पाठव.

रागात असलो तरी तुझाच,
दादा

२७ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानातच उघडलं आणि गिऱ्हाईक समोर असताना मोठ्यानं हसले. निम्मा खर्च माझा! बाबा गेल्यापासून तू मला घरातलं काहीच मागितलं नव्हतंस. पैसे आजच पाठवलेत. भाड्यातून वळते करून घे म्हणणार होते, पण हे मला माझ्या हातानं द्यायचे होते. भाड्याचं आपण समोरासमोर बसून बोलू, आणि तेव्हा मी तुझं ‘नाही’ ऐकून घेणार नाही.

गवंड्याशी परस्पर ठरवून टाकू नकोस. मी रविवारी येते. शिंप्याला सांग, दोन्ही मालक छत बघायला येणार आहेत.

वहिनीला नमस्कार. लोभ होताच, आता त्यातही निम्मा वाटा धर.

आणि जिन्याच्या दाराची एक किल्ली माझ्यासाठी करून ठेव. यापुढे मी दार वाजवणार नाही.

तुझी,
धाकटी