नूरमहल टॉकीज परत चालू होणार, म्हणजे होणारच

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. इतिहास घडतोय, अन् तो लिहायला माझ्याशिवाय लायक माणूस नाय. मी बद्रीनाथ, नूरमहल टॉकीजचा डोअरकीपर. एकतीस वर्षं तिकिटं फाडली. कोरोनात कुलूप लागलं ते लागलंच. आता मालक फारूखशेठ म्हणतात, पिक्चर बघतंय कोण, लोकांना लग्नाला हॉल पायजे. मी टेबलावर हात आपटला. शेवटी ठरलं : तेवीसला, रविवारी, एक फुकट शो. हॉल भरला तर टॉकीज, नाय भरला तर मंगल कार्यालय.
भरणारच. एके काळी आमची लाईन क्रांती चौकापर्यंत जायची. ही म्हणते, पानटपरीपर्यंत. बायकोला अंतराचा अंदाज नाय.

१२ फेब्रुवारी.
संकल्प : रोज सहाला उठून थेटर झाडायचं. कुणाचा सल्ला ऐकायचा नाय.
साडेनऊला उठलो. दुसरा संकल्प पाळला.

१४ फेब्रुवारी.
पडदा पिवळा पडला होता. चुना मारला. भिंतीला टाकतो तशी नीळ टाकली त्यात, चांगली मूठभर. पडदा निळाशार. शेठची पोरगी मंतशा, इंजिनियर आहे, कपाळाला हात लावून म्हणाली, अंकल, हे काय केलं? म्हणलं, बेटा, डोळ्याला थंडावा. वाळल्यावर उतरंल.

१७ फेब्रुवारी.
उतरला नाय. मी तिकडं बघायचंच सोडलंय.
मंतशा म्हणे, मोबाईलवर मेसेज टाका. मेसेजवर कोण येतं? आपल्याकडं पत्रिकेशिवाय माणूस हालत नाय. रीतसर छापल्या. वर गणपती, शेजारी ७८६, खाली 'हेच आग्रहाचं निमंत्रण'. मुकुंदवाडीपासून बजाजनगरपर्यंत घरोघर अक्षता देऊन आलो. पाय सुजलेत. अमृता, आमची लग्न ठरलेली पोरगी, म्हणाली, बाबा, लोक विचारतेत, नवरी कोण? लोकांना उद्योग नाय.

२२ फेब्रुवारी, शनिवार.
तयारी लई जबरदस्त. दारात केळीचे खांब, बाल्कनीत सनईवाले, आत शिरताना गुलाबपाणी. इंटरव्हलला मसालेभात अन् बुंदी. जुन्या स्टाफला टॉवेल-टोपीचा आहेर. मंतशा हळूच म्हणाली, अंकल, ये तो शादी लग रही है. तिला थेटरची शान काय कळणार! मॉलमधली थेटरं बघून वाढलेली पिढी.

२३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ७.
हाऊसफुल्ल!! पायऱ्यांवरसुद्धा माणसं. दारात उभा राहून रडलो. लिहून ठेवतो, लाज कसली.
पिक्चरमध्ये हीरो निळा, हिरोईन निळी, रक्तबी निळं. दहा मिनिटांत पब्लिकनं पडद्याचा नाद सोडला अन् मान वर करकरून हॉल बघायला लागली. जेवण झकास झालं. जाताना सगळे शेठला घेरून. पुढच्या शोचं विचारत असणार. जिंकलो!

२४ फेब्रुवारी. सकाळी ११.
लग्नाच्या तारखा विचारत होते.
दोन गेट, गाड्यांना जागा, सनईला बाल्कनी, असा हॉल शहरात नाय म्हणे. एप्रिल फुल्ल, मे फुल्ल. शेठनं मला मिठी मारली, म्हणाले, बद्रीनाथ, तूच तर शादीखाना उभा केला! मी हात झटकला. म्हणलं, हॉल भरला व्हता, शब्द पाळा. हसले. मी कोर्टात जाणार. एकटा लढणार. वकील उद्या बघतो, आज पाय दुखतेत.

दुपारी २.
घरी तावातावानं जाहीर केलं : त्या कार्यालयात जो लग्न लावंल, त्याचं तोंड बघणार नाय. ही भाकरी थापता थापता म्हणाली, मग अठरा एप्रिलला डोळे मिटून बसा. पयली तारीख हिनंच घेतलीय. काल, माझ्या डोळ्यांदेखत, बुंदी वाढता वाढता. अमृताची.
ठीकाय. कन्यादान करीन. पण निषेध नोंदवून.