लहानपणी पाहिलेलं माणूस

६ नोव्हेंबर १९९५, जळगाव
नववी 'ब'चे भूगोलाचे पेपर अखेर सापडले. रिक्षात नव्हते, शाळेत नव्हते, तांदळाच्या डब्यावर होते. मीच ठेवले असणार, कारण ह्या घरात दुसरं कोणी भूगोल तपासत नाही. तोवर घरादाराने शोधून झालं होतं आणि मुख्या. बाईंना कळवूनही झालं होतं. त्यांनी लेखी खुलासा मागितला. 'विसरले' हे कारण चालायचं नाही म्हणाल्या. "विसरायला तुम्ही काय पहिलीत आहात?"
सगळी स्टाफरूम ऐकत होती. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
घरी हे म्हणाले, "तुला हव्या त्या गोष्टी कशा बरोब्बर लक्षात राहतात?" म्हणजे मी मुद्दाम करते. लग्नाला सतरा वर्षं झाली तरी ह्यांचं तेच म्हणणं. सासूबाईंचंही तेच, फक्त त्या ते ह्यांच्याकडे बघून बोलतात.

९ नोव्हें.
नीला आली होती. कॉलेजात माझ्या बाकावर बसायची, आता अमेरिकेत. भाचीच्या लग्नाला आलीय. पोहे करता करता पेपरांचं सांगितलं, हसवायला म्हणून. ती हसली नाही. म्हणाली, "अगं, माझ्या रोहितला हेच आहे. अटेन्शनचा आजार. तिकडे आता म्हणतात, मोठेपणी सगळ्यांचा जात नाही. बायकांनाही असतो."
मग मला कॉलेजातल्या एकेक गोष्टीची आठवण करून देत बसली. हरवलेल्या छत्र्या. जर्नल. परीक्षेला दुसऱ्याच हॉलमध्ये जाऊन बसले होते ते.
मी रडले. पोहे खाली लागले. आजार आहे ऐकून इतका आनंद झालेली बाई मीच असेन.

१० नोव्हें.
ह्यांना सांगितलं. "आळसाला इंग्रजी नाव," म्हणाले आणि बातम्या लावल्या.
खुलासा अजून लिहायचा आहे. 'कारण' लिहिलं, दोन टिंबं दिली, आणि पुढे

१७ डिसें.
वही सापडत नव्हती. शिलाई मशीनच्या खणात होती.
मधल्या काळात: गॅस चालू ठेवून बाहेर गेले (एकदा). आमच्या मुलांच्या सहलीची तारीख चुकवली, पोरं तयार होऊन बसली आणि सहल आदल्या दिवशीच गेलेली. धाकटीने बूट काढून जागेवर ठेवले. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.
ठरवलं. डॉक्टरला विचारायचंच. एकदा कोणी तरी शिकलेल्या माणसाने सांगावं, बाई मुद्दाम करत नाही. किंवा सांगावं की करते. मग तसं.

९ जानेवारी १९९६, मंगळवार
धुळ्याला जाऊन आले. जळगावात नको, इथे प्रत्येक दवाखान्यात कोणी ना कोणी पालक भेटतात. शिवाय धुळ्याच्या अलीकडे माहेर, त्यामुळे 'मायला भेटून येते' म्हटलं की झालं. बसमध्ये खिडकी मिळाली. पारोळ्यापर्यंत काय काय सांगायचं ते मनात जुळवलं, उतरेस्तोवर अर्धं गेलं.
पाटीवर 'मेंदू व मनोविकार'. बाहेरच्या बायकांनी पदर नाकापर्यंत ओढलेले. मीही ओढला.
डॉ. वयस्कर आहेत, शांत. आधी नेहमीचं: झोप लागते का, भूक, मिस्टरांशी पटतं का. मी नीलाचं सांगितलं. ते बराच वेळ पेन बंद-उघड करत होते. "हा आजार आम्ही लहान मुलांचा म्हणून शिकलो. त्यातही मुलग्यांचा. मोठ्या बाईत मी अजून पाहिला नाही." मग म्हणाले, "पण नाहीच, असंही म्हणणार नाही."
म्हणाले, असला तर लहानपणापासून असायला हवा. नुसतं तुमच्या सांगण्यावर मी लिहू शकत नाही. लहानपणी तुम्हाला पाहिलेलं माणूस घेऊन या.
वडील तर गेले. भाऊ माझ्याहून धाकटा. राहिली माय.
तोवर घ्यायला गोळ्या दिल्यात.

१४ जाने.
गोळ्यांनी दिवसभर डोळे मिटतात. संक्रांतीचा तिळगूळ दगड झाला. सासूबाई म्हणाल्या, "आता हेही विसरलीस का?" गोळ्या बंद केल्या. (हे विसरले नाही, ठरवून केलं.)

६ फेब्रुवारी, मंगळवार
काय लिहू.
मायला फक्त 'डॉक्टरांना तुझ्याशी बोलायचंय' एवढंच सांगितलं होतं. तीच माझी चूक. जास्त सांगितलं तर यायची नाही अशी भीती होती. धुळे स्टँडवर उतरली ती ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांना तेल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. वाटलं, शहरात यायचं म्हणून.
डॉ. नी अगदी नीट विचारलं. लहानपणी विसरायची का? वस्तू हरवायची? एका जागी बसायची?
माय ताठ बसली. "नही हो डॉक्टर. मनी पोर कधीच काई इसरनी नही. सयपाक करे, धाकला भाऊले सांभाळे. मान वर करीसन कोनाशी बोलनी नही."
शाळेत कशी होती?
"पयला नंबर."
माझा पहिला नंबर एकदाही आला नाही. मी बांगड्या पुढेमागे करत बसले. त्यांच्याखाली डाग आहे, मायच्या तापल्या उलथन्याचा. दळणाचा डबा गिरणीत विसरून आले होते तेव्हाचा.
"आमना घरमा कोनलेच डोकानं काई नही," हे शेवटी तिने न विचारता सांगितलं. डॉ. नी माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलत होते असं त्यांना वाटलं असणार. मलाही क्षणभर वाटलं.
बाहेर आल्यावर मायचा चेहरा असा खुललेला! "कसं सांगी दिधं! आते कोनी तुले येडी म्हनाव नही."
तेव्हा उजेड पडला. तिला वाटलं, सासरच्यांनी माझी चौकशी लावलीय. डॉक्टर म्हणजे त्यांच्याकडचा माणूस. वेडी ठरवून मला माहेरी धाडणार. म्हणून तिने सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना देतात ती उत्तरं दिली. सयपाक, मान खाली, पहिला नंबर. मला बघायला आले होते तेव्हाही हेच सांगितलं होतं, ह्याच क्रमाने.
रागवावं तर कोणावर? तिने मला वाचवलं. ती रसवंतीवर रस पाजणार म्हणाली, मी प्यायले.

७ फेब्रु.
दहावीचा वर्ग काढून घेतला. 'तुमच्यावरचा भार कमी करतोय', असं. दहावीच्या मुलींना जाऊन सांगायचंही मलाच सांगितलं.
खुलासा अजून दिलेला नाही. आता मागतही नाहीत.

२० फेब्रु.
हे आज चांगलं बोलले. धुळ्याचं त्यांना गोळ्यांच्या पाकिटावरून कळलंच होतं. म्हणाले, "सोड ते डॉक्टरबिक्टर. मी कुठे तुला काही म्हणतो?" म्हणतात ना. रोज म्हणतात. पण आज चांगलं बोलले, म्हणून मी गप्प.

३ मार्च, माहेरी
मायच्या बिबड्या चालल्यात. गच्चीवर खाटेवर ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळायला पसरून मला राखायला बसवलं. मोठी लेक, शिकलेली, शाळेत बाई. मी वही तपासायला काढली, मग समोरच्या घराचं बांधकाम बघत बसले, पाणी मारणारी बाई एका हाताने पाइप धरून दुसऱ्याने पोळी खात होती, ते बघत
शेळी जिन्याने वर आली होती. अर्धी खाट फस्त.
मला वाटलं माय ओरडेल. ती खाटेच्या कडेला बसून हसायला लागली. "तू तशीनी तशीच शे व माय."
तशी म्हणजे कशी, मी विचारलं.
मग सांगत सुटली. डबा, दप्तर, नळावर सोडून आलेली कळशी, भावाला जत्रेत विसरले ते. मला आठवत नाहीत अशाही गोष्टी. सगळं तिला पाठ. मी म्हटलं, हे डॉक्टरपुढे का नाही? ती उरलेल्या बिबड्या उलटत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "माले मालूम व्हतं. तू मुद्दाम नही करे."
जे एका माणसाने म्हणावं म्हणून सतरा वर्षं वाट पाहिली, धुळ्याच्या खेपा घातल्या, ते हिला आधीपासून माहीत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आतून जळलं.
"मंग मारे कसाले?" मग मारायचीस कशाला, हे माझ्या तोंडून तिच्याच बोलीत निघालं.
"लोके देखेत ना. आजी देखे. पोरले वळन नही लायं, आसं म्हनतीन."
खाली निघून गेली. मी शेळीला हाकलायला वळले, ती कधीच गेली होती.

४ मार्च
निघताना मायला सगळं नीट सांगितलं. डॉक्टर सासरचे नाहीत. मला कोणी टाकत नाही. खरं सांगितलंस तरच माझं काही होईल. पुढच्या मंगळवारी ये. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. डब्यात उरलेल्या बिबड्या दिल्या.
डबा बसमध्ये राहिला.

१२ मार्च, मंगळवार, धुळे
दवाखान्याच्या बाकावर लिहितेय. आमच्या आधी एक म्हातारे आणि त्यांचा मुलगा.
माय आली. येणार नाही असं धरूनच चालले होते, तर माझ्या आधी येऊन स्टँडवर उभी. रोजचंच लुगडं. इथे बसल्यावर हळूच म्हणाली, "काय सांगू? तू सांगशी तसं सांगसू."
म्हटलं, माय, तसं नाही चालत. मी शिकवलेलं नको. तू पाहिलंस ते सांग. खरं सांग.
बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. समोरच्या भिंतीवर मेंदूचं चित्र आहे, त्याच्याकडे बघत होती.
"खरं सांगसू. पन त्यानी इचारं तं, पोर इसरे तव्हय तू काय करे? ते बी सांगू का?"
म्हातारे आत गेले. ती माझ्याकडे बघतेय. मी लिहितेय, म्हणजे मला काही बोलावं लागत नाही.