काचेच्या आतल्या बाजूनं

अहो,

वर तुमचं नाव लिहायला घेतलं होतं. पहिलं अक्षर काढलं आणि हात थांबला. चौदा वर्षं जे नाव तोंडातून बाहेर पडू दिलं नाही, ते आता कागदावर तरी कसं उतरेल? तेव्हा 'अहो'च बरं. या घरात माझ्या त्या हाकेला ओ देणारं आता दुसरं कुणी नाही, म्हणजे घोळ व्हायचीही भीती नाही.

लिहायचं कारण, काल ती लाल गाडी परत आली. पुण्याच्या डॉक्टरांची हो! दोनच माणसांची, बसकी, जमिनीला पोट टेकवून पळणारी विलायती गाडी. काल दिवसभरात जे घडलं ते कुणाला तरी सांगावं असं फार वाटत होतं. संध्याकाळी चुलीपुढं बसले तेव्हा ध्यानात आलं, असल्या गोष्टी सांगायला मला एकच माणूस होता.

डॉक्टरांना काहीच ठाऊक नव्हतं. गाडीतून उतरता उतरता त्यांनी "मिस्त्री!" म्हणून हाक मारली. मी शेडच्या दारात आले. त्यांनी माझ्या कपाळाकडं पाहिलं, मग हातांकडं. डोक्यावरची टोपी काढली.

"कधी?"

"गेल्या श्रावणात. कावीळ झाली होती."

कावीळ! एवढा एक शब्द मी त्यांना सांगितला, पण माझा राग अजून गेलेला नाही बरं का. डोळे हळकुंडासारखे पिवळे झाले होते तुमचे. भोरच्या दवाखान्यात चला म्हणून मी किती विनवलं? "आगं, ट्रक उभा हाय. येवडी काच बसिवतो आन् जाऊ." त्या आठवड्यात चार काचा बसवल्यात तुम्ही. दुसऱ्यांच्या गाड्यांना वारा लागू नये म्हणून धडपडलात. माझा विचार एकदा तरी केलात का?

जाऊ दे. भांडायला तुम्ही समोर असलात तरच मजा.

डॉक्टरांच्या काचेला या कडेपासून त्या कडेपर्यंत तडा गेला होता. मागच्या आठवड्यात खंबाटकी घाटात पुढच्या ट्रकच्या चाकातून दगड उडाला म्हणाले. मागच्या वेळी तुम्ही त्यांना सांगून ठेवलं होतं, की पुन्हा कधी फुटली तर काच पुण्यातूनच कापून आणा आणि काच चिकटवायच्या मसाल्याचे दोन डबेही आणा. त्यांनी ते अक्षरशः पाळलं होतं. काच, डबे, सगळं बरोबर. नव्हता फक्त मिस्त्री.

मागची वेळ आठवते का? सहा-सात वर्षं झाली असतील. साध्या गाडीची काच रबरात बसते, रबराच्या ओठात दोरी घालायची, मी आत बसून ती ओढायची, तुम्ही बाहेरून काच दाबायची. ते आपल्याला पाठ होतं. या गाडीपुढं तुम्ही तासभर पेचकस घेऊन रबर शोधत होतात! शेवटी कपाळाला हात लावून म्हणालात, "आगं सुमे, ह्याला रबरच न्हाई. पत्र्यालाच चिकटिवलीय." मग काय, तुमच्या आबांच्या एकतारीची तार काढून आणलीत. दाभणानं मसाल्यात भोक पाडून तार आरपार घातली, एक टोक माझ्या हातात, एक तुमच्या, आणि करवतीसारखी ओढत काच सोडवली. एकादशीला आबा भजनाला बसले आणि एकतारीला तार नाही! तुम्ही माझ्याकडं बोट दाखवलंत. मी मुकाट्यानं बोलणी खाल्ली. त्याचा हिशेब अजून बाकी आहे.

ती काच बसवताना मात्र आपलं जुंपलं होतं. हाताचा मसाला लागू नये म्हणून तुम्ही काचेवर ओलं वर्तमानपत्र चिकटवलंत. त्यामुळं बाहेरून तुम्हाला काही दिसेना. आतून मला कडेकडेनं बारीक उजेड दिसायचा, म्हणजे तिथं मसाला धरलेला नाही. मी सांगायची, डावीकडं दाबा. तुम्ही तुमचं डावं दाबायचात. माझं डावं ते तुमचं उजवं, हे दोघांच्याही डोक्यात शिरेना. शिवाय रस्त्यावरून ट्रक चाललेले, लिंबाखाली आबा बसलेले, सासऱ्यांसमोर मी ओरडणार तरी किती? शेवटी वैतागून उजेड दिसत होता तिथं मी मनगट आपटलं. बांगडी वाजली. तुमचा तळवा बरोबर त्या जागी आला.

तेव्हापासून तीच आपली भाषा झाली. बांगडीची एक टिचकी, इथं दाबा. दोन टिचक्या, थांबा. तुम्ही बाहेरून बोटाच्या पेरानं एकदा ठोकायचात, म्हणजे कळलं. वेल्ह्याच्या डोंगरातली मी, लग्नाआधी हातातल्या आरशापेक्षा मोठी काच पाहिली नव्हती. आणि किकवीच्या रस्त्यावर काचेच्या आत बसून नवऱ्याशी बोलायला शिकले! खरं सांगू? घरात आपण इतकं कधी बोललोच नाही.

त्या बांगड्या तुमच्या आईनंच फोडल्या. रीत आहे, त्यांना दोष देत नाही. माझा हात धरून त्यांनी दगडावर टेकवला, आणि त्यानंतर नऊ महिने आम्हा दोघींत भाकरी आणि पाणी यापलीकडं शब्द नाही. त्यांचं लेकरू गेलं, माझं माणूस गेलं, आणि एका चुलीपुढं दोघी भिंतीकडं तोंड करून जेवायचो. आपल्याला एखादं मूल असतं तर त्याच्या निमित्तानं तरी बोललो असतो. आणीबाणी उठली, लोकांनी पेढे वाटले, मला ते चार दिवसांनी कळलं.

तुम्ही गेल्यापासून शेडमधलं काम बंदच होतं. आबांनी ती तुमच्या चुलतभावाला द्यायची ठरवली होती. अक्षय्य तृतीयेला तो तिथं रसवंती सुरू करणार. कोणत्या तोंडानं बोलू? एकदाच कसंबसं म्हणाले होते, मी चालवते काम. आबा शांतपणे म्हणाले, "आत बसाया येतं तुला, त्ये म्या कवा न्हाई म्हनलं? पन भाईरनं दाबनार कोन?"

काल डॉक्टर गाडीत पुन्हा बसायला निघाले, तेव्हा तेच मनात होतं. ही गाडी अशीच परत गेली, की शेडही गेली. मग माझं उरतं काय? तुमच्या मागं ती एकच जागा आहे या जगात, जिथं मला काही येतं. मी म्हणाले, "डॉक्टर, थांबा. मी बसवते."

आबांनी लिंबाखालून मान वर केली. "आन् भाईरनं?"

मी काही बोलायच्या आत घरातून आवाज आला, "मी हाय की."

तुमच्या आई! आत्याबाई हाताचं पीठ झटकत बाहेर आल्या. डॉक्टर बघत राहिले, आबा बघत राहिले. आबा म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?" तर म्हणतात कशा, "तुमाला एकतारीतलं कळत हुतं तेवडं मला ह्यातलं कळतंय." हसू आलं मला. नऊ महिन्यांनी.

डॉक्टर भाटघरच्या धरणाकडं जाणाऱ्या मित्राच्या जीपमधून निघून गेले. जाताना "सावकाश करा" म्हणाले, पण नजर गाडीवरून हलत नव्हती.

तार ओढायला आत्याबाईंना काही सांगावं लागलं नाही. जात्यावर दोघी बसल्यागत झालं, त्यांनी ओढलं की मी सोडायचं, मी ओढलं की त्यांनी. तुमच्यासारखा हिसका नाही. तासाभरात काच सुटली. दोघींनी उचलून ती चटईवर ठेवली आणि परत फिरलो, तर चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, वाळलेल्या काळ्या मसाल्यात, तुमचा अंगठा.

अंगठ्याचा ठसा हो. त्यावरची ती विळ्यानं कापलेली आडवी रेघसुद्धा. तेव्हा दाबलात आणि वर काच बसली, इतकी वर्षं तो तिथं होता.

तुम्हीच सांगायचात ना, जुना मसाला राहिला तर नवा धरत नाही, पत्रा दिसेपर्यंत खरवडायचं? मी बाकी सगळी चौकट खरवडली. तो कोपरा ठेवला शेवटी. पटाशी हातात घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. आत्याबाई म्हणाल्या, "त्येनंच शिकिवलंय ना तुला? मग कर." मी केलं. डोळे मिटून नाही, उघडे ठेवून केलं. पण हे माझ्याकडून का करून घेतलंत तुम्ही? एखादा ठसा घराच्या भिंतीला तरी ठेवायचा होतात.

मग डबे एकत्र केले. मसाला काळा झाला, म्हणजे तो आवळेपर्यंत तास-अर्धा तासच हातात. चौकटीला लावला, काचेवर ओला कागद चिकटवला, दोघींनी काच टेकवली. आत्याबाईंना बाहेर धरायला सांगून मी आत बसले. माझ्या उजव्या हाताला, वर, बोटभर उजेड दिसत होता.

मी ओरडले, "उजवीकडं, वर!" त्यांनी त्यांचं उजवं दाबलं. काच दोऱ्याएवढी सरकली. "तिकडं नाही!" साताऱ्याकडचे दोन ट्रक तेव्हाच जायचे होते. माझा आवाज गाडीतच फिरला. बोटानं ठोकलं, पेरानं ठोकलं, बाहेर काहीच जाईना. पेचकस हाताशी होता, पण लोखंड काचेला लावायचं नाही हा तुमचा नियम. आणि माझं मनगट मोकळं. सहा-सात वर्षं जे न बघता करत होते तेच करायला गेले, आणि हाड काचेवर आपटलं. त्या क्षणाइतकी एकटी मी तुमच्या तेराव्यालाही नव्हते.

मसाला आवळत चालला होता. मी कपाळ टेकून बसले. वाटलं, झालं, रसवंतीच येणार.

तेवढ्यात दाराच्या काचेच्या वरच्या फटीतून एक हात आत आला. एका हातानं काच धरून, कशाबशा वाकून, आत्याबाईंनी दातानं हातातली एक बांगडी ओढून काढली होती. तुमच्या मागं त्यांचे हात इतके वाळलेत, की बांगडी नुसती सुटून येते. हिरवी, काचेची.

"घे. ह्येनं वाजीव."

मी बघतच राहिले. त्या खेकसल्या, "बघती काय? मला काय आयकू येत न्हवतं व्हय इतकी वर्सं? येक वाजली की दाबायचं, दोन वाजल्या की थांबायचं. चुलीपुढं बसून आयकायची मी. घाल!"

घातली. उजेड होता तिथं एक टिचकी दिली. त्यांचा तळवा बरोबर तिथं आला, दाणकन. पुढं सरकले, टिचकी, तळवा. टिचकी, तळवा. उजेड एकेक करून बुजत गेला. शेवटी दोनदा वाजवली आणि वाट बघत राहिले. तुमच्या बोटाच्या पेराची वाट. बाहेर काही वाजलं नाही, ते आत्याबाईंना ठाऊक नव्हतं. एवढंच काय ते त्यांनी चुलीपाशी ऐकलं नसणार, फार हळू ठोकायचात तुम्ही.

संध्याकाळी डॉक्टर आले. तोवर मसाला चांगला आवळला होता. आबांनी स्वतः दोन बादल्या पाणी काचेवर ओतलं. आत्याबाई पदर खोचून त्या विलायती गाडीत बसल्या, आतून कडा चाचपल्या, आणि म्हणाल्या, "थेंब न्हाई." डॉक्टर मला "मिस्त्री" म्हणाले. उगीच थट्टेनं नाही, खरंच म्हणाले.

दिवेलागणीला तुमचा चुलतभाऊ आला, चरक कुठं मांडायचा ते बघायला. आबांनी त्याला दारातच सांगितलं, "तुजी रसवंती शिवऱ्याच्या फाट्यावर लाव. हितं शेड रिकामी न्हाई." माझ्याकडं बघितलंही नाही.

मी बांगडी काढून आत्याबाईंपुढं धरली. त्यांनी घेतली नाही. "ऱ्हाऊ दे. कामाची हाय," म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या. काल रात्री दोघी समोरासमोर बसून जेवलो. बोललो नाही फारसं. पण भिंतीकडं तोंड नव्हतं.

तेव्हा आता माझा शब्द घ्या. ती बांगडी शेडमध्ये तुमच्या हातोडीशेजारच्या खिळ्याला राहील. गाडीत बसताना घालीन, उतरताना काढीन, लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं. काम नीट करीन, जुना मसाला पत्रा दिसेपर्यंत खरवडीन. आणि प्रत्येक काच बसून झाली, की दोन टिचक्यांच्या वर एक जास्तीची देईन, ती तुमची. तुम्ही उत्तर देऊ नका हं, बाहेर आत्याबाई असतात, घाबरतील. मी आपली आतच जरा वेळ बसून राहीन.

तुमची,
सुमन