सिस्टरने टाकलेलं ऑइल

आई, गेल्याच्या आधीच्या रविवारी सकाळी तुझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली. बोट लावून पाहिलं तर बुळबुळीत, पिवळसर. बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलची डबी अर्ध्याच्या खाली गेलेली. तू जाऊन अकरा वर्षं झाली, गाडी त्याहून किती तरी जुनी, आणि तिला गळायचं असलं की ती अजून तिथूनच गळते. शाळेतले सगळे मला म्हणतात, बाई, विका ती आता, कोणी भंगारातही घेणार नाही. मी हो हो म्हणते आणि सोमवारी तीच गाडी घेऊन शाळेत जाते. ह्या वेळी मात्र गेले नाही. पाच दिवस एसटीने गेले, शनिवारी गाडी हळूहळू मोखाड्याच्या गॅरेजपर्यंत नेली आणि चाकातला ब्रेकचा सिलिंडर बदलून घेतला. हे तुला सांगायला बसले नव्हते खरं तर. तुला सांगायचं आहे ते पंचवीस वर्षांपूर्वीचं आहे, आणि तुला माहीत नसलेलं त्यात थोडंच आहे.

तू गाडी घेतलीस तेव्हा मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बदली होऊन चाललेल्या डॉक्टरांची ती पांढरी गाडी तू घेतलीस, तेव्हा आरोग्य उपकेंद्राच्या आवारात पाड्यावरच्या बाया तिला हात लावून बघत होत्या. गाडी चालवणारी नर्सबाय त्यांनी पाहिली नव्हती. बाबा तेव्हा दूरच्या शाळेवर, शनिवारी यायचे, आणि मागच्या सीटवर बसून दोन्ही हातांनी पुढची सीट धरून ठेवायचे. त्यांनी आयुष्यात स्टीअरिंगला हात लावला नाही. तू लावलास, पंचेचाळिसाव्या वर्षी, आणि सहा महिन्यांत कुठला आवाज कशाचा ते तुला कळायला लागलं. लसींच्या डब्यात बर्फ भरायच्या आधी तू रोज सकाळी चारही चाकांशी वाकून बघायचीस. तेव्हा मला त्याची लाज वाटायची. साडीचा पदर खोचून, रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या देखत गाडीखाली डोकावणारी आई.

मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. तू आत आंघोळीला जाता जाता म्हणालीस, "ब्रेकचं ऑइल कमी झालंय, जरा भरून ठेव. शनिवारी जव्हारला मिस्त्रींकडे नेईपर्यंत चालेल. डिकीत आहे बघ." डिकीत दोन गोष्टी होत्या. एक ब्रेक ऑइलचा नवा डबा, पत्र्याचं झाकण घट्ट बसलेलं, आणि एक सरबताची जुनी बाटली, तिच्यात इंजिनचं ऑइल. झाकण उघडायला पक्कड लागणार होती, पक्कड घरात होती, आणि मला घरात जायचा कंटाळा आला. एवढंच. ऑइल ते ऑइल, असं मनाशी म्हणत मी बाटलीतलं ओतलं. मला शंका आली होती, आई. ओतताना ते जाड दिसत होतं, काळपट दिसत होतं, आणि मी ओतत राहिले. तू न्हाणीतून विचारलंस, "डब्यातलंच टाकलंस ना गं?" मी म्हटलं, "हो."

तिसऱ्या दिवशी दुपारी वरच्या पाड्यावरचा माणूस धावत आला. सुनेला सकाळपासून कळा येत होत्या आणि ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. तू पिशवी उचललीस आणि मला म्हणालीस, चल, तिला धरायला कोणी तरी पाहिजे. मागे ती बाई माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली, पलीकडे तिची सासू. जव्हारच्या अलीकडच्या चढाला गाडी ओढेना. तू दुसऱ्यात घेतलीस, पहिल्यात घेतलीस, आणि आत जळका वास भरला. तू गाडी बाजूला घेऊन उतरलीस, चाकाजवळ हात नेलास आणि झटकन मागे घेतलास. ब्रेक आपोआप धरले गेले होते आणि सुटत नव्हते. चाकं तापून धूर निघत होता. मला इंजिनातलं काही कळत नव्हतं, तरी त्या क्षणी मला नक्की कळलं की हे माझ्यामुळे झालंय. सासू म्हणाली, "बाय, आता कसा करायचा?" तू तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, "गाडी काय, दुसरी येईल. तू तिला पाणी दे." तुझा आवाज रोजच्यासारखाच होता. पण तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मला तो फार मोठा वाटला. मग मोखाड्याहून एक जीप आली, माणसांनी भरलेली. तू रस्त्याच्या मधोमध उभी राहिलीस. आतली माणसं न सांगता उतरली, त्यांनीच तिला उचलून आत ठेवलं. चढता चढता तू मला एवढंच म्हणालीस, "तू गाडीपाशी थांब." मी थांबले. डिकी उघडून तो न उघडलेला डबा हातात घेऊन बसले. त्या बाईचं काय होईल ह्याचा विचार करायचा नाही असं ठरवत होते आणि दुसरा विचार येत नव्हता. ऊन उतरलं, गुरं परत चालली, आणि शेवटी तू मिस्त्रींच्या मोटारसायकलवर मागे बसून येताना दिसलीस. उतरल्या उतरल्या तू आधी ते सांगितलंस. "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." मी रडायला लागले तर म्हणालीस, "आता बॅटरीचा उजेड धर, मिस्त्रींना दिसत नाही."

मिस्त्रींनी डबीत बोट बुडवलं, चोळलं, हुंगलं. "हे ब्रेकचं नाही. इंजिनचं ऑइल आहे हे. आतलं सगळं रबर फुगलं असणार. कोणी टाकलं?"

बॅटरी माझ्या हातात होती. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "मी."

"सिस्टर, तुम्ही?"

"घाईत होते."

मिस्त्री हसले. लोकांना गोळ्या वाचून देता आणि गाडीला न वाचता, असं काही तरी म्हणाले. तूही हसलीस. त्यांनी पाना लावून ब्रेकचा दाब सोडवला आणि गाडी दोराने ओढत जव्हारला नेली.

त्या रात्री शेवटच्या एसटीने आपण घरी पोचलो तेव्हा तू हात धुऊन सरळ नागलीचं पीठ घेतलंस. मी चुलीपाशी बसलेली. तव्यावर भाकरी टाकलीस आणि मग माझ्याकडे न बघता बोललीस. "गळतंय हे मला माहीत होतं. चाक उघडून न घेता नुसतं वरून भरत राहिले, ती माझी चूक. चुकीचं ऑइल टाकलंस, तेही एक वेळ ठीक, तुला कोणी शिकवलं नव्हतं. पण मी विचारलं तेव्हा तू हो म्हणालीस. तुझ्या त्या 'हो'वर मी त्या पोरीला गाडीत घातलं." भाकरी उलटलीस. "जेव आता." त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस. मला वाटतं मार खाल्ला असता तर मी तो विसरले असते.

त्याच आठवड्यात गाडीतले सगळे रबर बदलले आणि तू मिस्त्रींकडून एअर, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा, काढायला शिकून घेतलंस. मग कितीतरी वर्षं ते आपल्या दोघींचं काम झालं. मी सीटवर, पाय पेडलवर. तू चाकाशी पोत्यावर बसलेली, चाकामागच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या तोटीला, सलाईनची जुनी नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलेलं. तू खालून म्हणायचीस, "दाब. दाब. धर." मी धरायची. नळीतून बुडबुडे यायचे, तू निपल बंद करायचीस, मग म्हणायचीस, "सोड." निपल बंद व्हायच्या आधी पेडल सोडलं तर हवा परत आत जाते, हे तुला एकदाच सांगावं लागलं. माझं लग्न ठरल्याचं मी तुला तशीच पेडल धरून सांगितलं होतं. तू खालून म्हणालीस, "बरं. सोड."

पण गोष्ट राहिली ती दुसरीच. सिस्टरने स्वतःच्या गाडीत चुकीचं ऑइल टाकलं, ही. मिस्त्रींनी ती जव्हारभर केली, प्रेमानेच केली. तुझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभात आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी सांगितली. तुझ्या तेराव्याला मिस्त्री आले, ओट्यावर बसले, आणि तिथेही त्यांनी ती सांगितली. रडून थकलेली माणसं जराशी हसली, बरं वाटलं त्यांना. मीही हसले. तेव्हा सांगायला हवं होतं. एवढं साधं वाक्य होतं आणि समोर पन्नास माणसं होती.

तर परवाचं सांगते. गॅरेजमधून आणली तरी पेडल पोकळ लागत होतं, आत हवा राहिली होती. माझे मिस्टर गावाला गेलेले. घरी बाबा. एकोणऐंशी वर्षांचे, कानाला यंत्र. म्हटलं, बाबा, तुम्ही बसता का? ते चष्मा पुसून, चपला बाहेर काढून, देवळात गेल्यासारखे ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मी चाकाशी पोतं टाकलं, नळी लावली आणि ओरडून म्हणायला लागले, दाबा, दाबा, धरा. चांगलं जमत होतं त्यांना. तिसऱ्या की चौथ्या वेळी ते वरून म्हणाले, "तुझ्या आईने एकदा ह्यात इंजिनचं ऑइल टाकलं होतं, आठवतं का तुला?"

म्हणजे तू त्यांनाही सांगितलं नव्हतंस. मी इतकी वर्षं धरून चालले होते की त्यांना ठाऊक असणार, नवरा-बायकोत एवढं बोलणं होतच असणार. मी पाना तसाच धरून म्हटलं, "बाबा, ते आईने नाही टाकलं. मी टाकलं. आणि तिने विचारल्यावर खोटं बोलले." यंत्रातून ऐकू गेलं की नाही कळेना, म्हणून परत मोठ्याने सांगितलं, सगळंच सांगितलं, पक्कड, डबा, ती बाई, चुलीपुढचं बोलणं. शेजारच्या अंगणातही ऐकू गेलं असेल.

बाबांनी कानातलं यंत्र नीट केलं. मग म्हणाले, "मला नवलच वाटायचं. डोक्याला तेल लावतानाही बाटलीवरचं नाव वाचायची ती."

"तिने तुम्हाला का नाही सांगितलं?"

"तू सांगशील म्हणून थांबली असेल." आणि लगेच, "आता सोडू का? पाय दुखायला लागला."

मी सोडा म्हणायचं विसरले होते. मी बोलत होते तेवढा सगळा वेळ ते पेडल दाबून बसले होते. मी निपल बंद आहे ना ते पाहिलं, म्हटलं, सोडा, आणि पोत्यावर बसून रडले. बाबांना ते दिसलं नसेल. पण ते आरशात बघत होते.

मिस्त्री आता थकलेत, दुकानात बसून असतात. त्यांना पुढच्या आठवड्यात जाऊन सांगणार आहे, हे इथे लिहून ठेवते म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. हा कागद कुठे जाणार नाही, माझ्या कपाटातच राहील. आणखी एक. त्या दिवशी काम झाल्यावर बाबांना म्हटलं, ब्रेक तपासून येते. ब्रेक पहिल्या वळणालाच तपासून झाले होते. तरी मी तशीच पुढच्या पोशेरा गावापर्यंत गेले, काच खाली करून, आणि परत आले. काही काम नव्हतं.