सातव्या चालीचा घोडा

४ मार्च, मंगळवार
रविवारी होणारे व्याही येणार. औषधांचं दुकान आहे, बुद्धिबळ खेळतात. मुलगी म्हणते, पांढरी मोहरी घेतात आणि दरवेळी वजिरापुढचं प्यादं दोन घरं. उत्तम! त्यावर माझं उत्तर कधीचं तयार आहे — दुसऱ्याच चालीला राजापुढचं प्यादं त्यांच्या तोंडात द्यायचं. समोरचा हावरट निघाला, तर सातव्या चालीला माझं दुसरं प्यादं शेवटच्या घरात! तिथे सगळे प्याद्याचा वजीर करतात. मग होते वजिरावजिरी, दोघांचेही वजीर मरतात आणि मुसळ केरात. मी घोडा करणार. राजाला शह, डाव खिशात.
हे मला कोणी शिकवलेलं नाही. चष्म्याची काच घासायलाही कोणी शिकवलं नव्हतं.

६ मार्च, गुरुवार
मुलगी माझ्या चष्म्याच्या दुकानात आली. "बाबा, रविवारी हरा."
काय?
"त्यांच्या थोरल्या जावयानं त्यांना एकदा हरवलं. दोन वर्षं झाली, अजून त्याच्याशी बोलत नाहीत."
घरी आलो तर ही — "अहो, पोरीच्या संसारापेक्षा तुमचं ते प्यादं मोठं का?"
प्यादं नव्हे, घोडा. हात धुऊन जेवायला बसलो.

७ मार्च, शुक्रवार
हरणार नाही.

८ मार्च, शनिवार
हरायचं तरी नीट हरता आलं पाहिजे. पट मांडून बसलो. एकही चाल वाईट सुचेना.

९ मार्च, रविवार
चहा झाला. त्यांनी मांडलेले घोडे वाकडे बघत होते — सरळ केले.
वजिरापुढचं प्यादं, दोन घरं. माझा हात आपोआप गेला. काय करणार! दिलेलं प्यादं त्यांनी खाल्लं. पुढे उंटही खाल्ला. असा हावरट माणूस पाहिला नाही! सातवी चाल. प्यादं शेवटच्या घरात. दारात मुलगी, नखं खात.
वजीर केला.
वजिरावजिरी. शेवटी बरोबरी. "छान खेळता की," व्याही म्हणाले. आतून ही — "झालं का तुमचं?" झालं.
जेवताना लग्नाची तारीख ठरली. सगळे हसत होते. मी भात चिवडत होतो.

११ मार्च, मंगळवार
व्याह्यांचा फोन. "एक सांगू का, व्याहीबुवा? मुलगा म्हणाला होता, सासरे फार मानी आहेत. म्हणून मुद्दाम त्या सापळ्यात शिरलो. म्हटलं, जिंकू द्यावं. पण तिथे वजीर नाही हो, घोडा करायचा असतो! नसेल माहीत. या रविवारी, शिकवतो."
ही समोरच उभी.
म्हटलं — शिकवा.