आधीचं पाणी

देवगाव
१२ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप अक्का,

नागनाथचा नमस्कार. दाजींचा गुडघा कसा आहे? वैष्णवीची परीक्षा जवळ आली असेल.

इकडे ठीक. तुझा योगीराज कामावर वेळेवर जातो. संध्याकाळी भाकरी तोच टाकतो, माझ्याहून बऱ्या होतात. बबिताला जाऊन चार महिने झाले. ताटावर समोर कुणी बसतं, एवढं बरं आहे.

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझं बोलणं राहून जातं, म्हणून लिहितो.

कंपनीचं चाचणीचं खोदकाम चालू आहे. खूप खोल खडकात गॅस आहे का बघतात, त्यासाठी औषधं मिसळलेलं पाणी जोराने आत सोडतात. गावाचं त्यात भलं झालं, हे मी नाकारत नाही. फाट्यापर्यंत रस्ता झाला, अकरा पोरांना काम मिळालं. आपला योगीराज त्यातलाच.

पण महिन्यापासून आपल्या विहिरीच्या पाण्याला फेस येतो, चव खारट लागते. बैल तोंड लावत नाहीत. आम्ही प्यायला फाट्यावरून जार आणतो. मी कंपनीच्या साहेबाला सांगितलं. त्याने फाईल काढली. "काका, तुमचं पाणी आधीपासूनच खारट आहे. ही बघा तुमची सही."

सही माझीच आहे.

काम सुरू होण्याआधी त्यांनी प्रत्येक विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं होतं, पुढे काही बिघडलं तर ताडून बघायला. ते आले तो बबिताचा सहावा दिवस. शेजारचा भुजंग म्हणाला, "सुतकातलं पाणी लोकाला देतूस व्हय? माझ्या बोरचं भर की." त्याचं बोर खारं आहे, हे मला ठाऊक होतं. तरी भरलं. कागदावर आपली विहीर लिहिलेली होती. न वाचता सही केली असं म्हणता येणार नाही. वाचलं आणि केली. तेव्हा कशातच मन नव्हतं.

आपलं पाणी गोड होतं, अक्का. परभणीच्या दवाखान्यात बबिताला विकतचं पाणी जात नव्हतं. घरचं नेलं की दोन घोट घ्यायची.

खोदकामानेच बिघडलं, असं मी छातीठोक सांगत नाही. पण तपासायचं तर आधीचं खरं लिहिलेलं पाहिजे. भुजंगला हे बोललो तर म्हणाला, "गप ऱ्हा की. पोरं कमवायलीत. बायको गेली, इहीर गेली, आता भाच्याची नोकरी बी घालीव."

परवा परभणीला जाऊन कलेक्टर कचेरीत अर्ज दिला. बाटलीतलं पाणी दुसऱ्याचं होतं, मी खोट्यावर सही केली, असं लिहून दिलं. चौकशी होईपर्यंत काम थांबेल, असं तिथला कारकून म्हणाला.

योगीराजला सांगायचं म्हणून दोनदा त्याच्यासमोर बसलो. "मामा, चहा टाकू का?" म्हणाला. मी हो म्हणालो.

रविवारी तो तुझ्याकडे येईल. हे पत्र तूच त्याला वाचून दाखव. नंतर तो इकडे परत आला नाही, तरी मी काही म्हणणार नाही.

तुझा धाकटा भाऊ,
नागनाथ