फेट्याखालचा चेहरा आणि तीन पुस्तकं

कुंभारी, सोलापूर
रविवार, दुसऱ्या चहानंतर

तीर्थस्वरूप धुळाप्पाअण्णा यांना बिराप्पाचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि मेंढरं, सगळ्यांची तब्येत याच क्रमाने कळवा. (मेंढरं आधी लिहिली असती तर तुम्ही खूश झाला असता, पण पत्र वहिनीही वाचतात.) हल्ली पत्र कोण लिहितं, असं म्हणाल. पण फोनवर मी 'फोटो' हा शब्द काढला की तुमच्याकडची रेंज जाते, असं तीन वेळा झालं. पत्राला ती अडचण नाही.

मुद्दा तुम्हाला माहीत आहे. सुकन्याच्या लग्नाला तुम्ही येणार, मामा म्हणून तिला बोहल्यावर आणणार, तिच्या पाठीशी उभे राहणार, आणि कॅमेरा दिसला की मंडपाबाहेर जाणार, असं तुम्ही मायाक्काला सांगितलंय. तेव्हापासून तुमची बहीण माझ्याशी अर्ध्या वाक्यात बोलते. तुमचा राग मला समजतो. चोवीस वर्षांपूर्वी सुकन्याला तुमच्या मांडीवर बसवून जावळ काढलं, तेव्हाचा फोटो अजून आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. पांढरा फेटा लख्ख, पोरीचं टक्कल लख्ख, आणि फेट्याखाली तुमच्या चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. (फोटो मी काढला होता, पण रोल धुणाऱ्याने घाण केली, हे मी तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं.) गेल्या महिन्यात व्याही आले. त्यांनी विचारलं, हे मांडीवर घेऊन बसलेले कोण म्हणायचे? मायाक्का म्हणाली, "माजा भाऊ हाय की," आणि आत निघून गेली. त्याच दिवशी मी ठरवलं, की लग्नातला तुमचा फोटो मी काढणार, आणि नीट शिकून काढणार.

कॅमेरा घरात आहे. कारखान्यातून निवृत्त होताना मंडळींनी दिला. (निरोपाला चादर द्यायची तर ती मीच तपासून पास केलेली निघाली असती.) प्रश्न होता तो पुस्तकाचा. कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा, त्याला एक्स्पोजर म्हणतात, आणि सगळं दुखणं तिथेच असतं, एवढं मला कळलं होतं. सुकन्या म्हणाली, बाबा, मोबाईलवर बघा. बघितलं. तिथला माणूस इतक्या घाईने बोलतो की मी बोट लावून त्याला थांबवेपर्यंत तो पुढच्या धड्यात गेलेला असतो. पुस्तक कसं, आपण चष्मा पुसेपर्यंत थांबतं. म्हणून जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. आता पुस्तक कसं निवडावं हे मला कोणी शिकवलेलं नाही, मला चादर निवडता येते. चौतीस वर्षं चिंचोळीच्या चादर कारखान्यात मी तेच केलं. कापड अंगठ्याने चोळायचं, उजेडासमोर धरायचं, काठाची शिवण ओढून बघायची. पुस्तकांनाही तीच तपासणी लावली. दुकानदार बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "काका, येकादं पान वाचून बी बघा की."

एका पुस्तकाची शिवण कितीही ओढली तरी हलेना, कागद भरीव, पलीकडचं अक्षर दिसत नाही. ते आणलं. घरी उघडलं तर इंग्रजी, आणि पहिलंच प्रकरण बर्फात फोटो कसे काढावेत याचं! अण्णा, बाहेर त्रेचाळीस डिग्री. आमच्याकडे बर्फ असतो तो रसवाल्याच्या गोणपाटाखाली. सुकन्याने चार ओळी वाचून सांगितल्या आणि मी ते पुस्तक पिठाच्या डब्याखाली सरकवलं. (डबा डुगडुगत होता, तो मात्र तेव्हापासून स्थिर आहे.)

दुसऱ्या खेपेला अक्कल वापरली. बर्फ नको, मराठी पाहिजे, ऊन पाहिजे. तसं मिळालं. कागद इतका विरळ की कारखान्यात मी तो हात लावून नापास केला असता, पण आत उन्हाचा तक्ता होता. कोवळं ऊन, कडक ऊन, ढगाळ. कडक उन्हाच्या पुढे सोलापूरचा रकाना नव्हता, तो मी पेनाने वाढवला. मग कळलं की पुस्तक रोलच्या काळातलं, आणि त्यातले आकडे माझ्या कॅमेऱ्यात कुठे भरायचे ते मला सापडेना. शेवटी कॅमेऱ्यालाच म्हटलं, बाबा, तुझं तू बघ, आणि एक काळं आणि एक पांढरं मेंढरू धरून दोघांचे वेगवेगळे फोटो काढले. दोन्ही राखाडी आली. मायाक्का मेंढरांच्या घरातली. तिने फोटो बघितले आणि विचारलं, "येकाच मेंढराचं दोन कशाला काढलं?"

तिसरं पुस्तक वाचनालयातून आणलं. (या वेळी शिवण ओढली नाही, तिथल्या बाई बघत होत्या.) त्यात पहिली चाळीस पानं उजेड म्हणजे काय यावर आहेत आणि ती वाचून माझ्या डोक्यात होता तोही उजेड गेला. पण पुढे एका पानावर एकच कामाचं वाक्य होतं. कॅमेरा समोरच्या प्रत्येक गोष्टीला राखाडी समजतो, मग ती काळी असो की पांढरी. मला माझी मेंढरं आठवली. सुकन्याला म्हटलं, डब्याखालचं पुस्तक काढ. तिने बर्फाचं प्रकरण शेवटपर्यंत वाचलं. एवढं पांढरं बघून कॅमेऱ्याचे डोळे दिपतात, तो उजेड कमी घेतो आणि बर्फात उभ्या माणसांचे चेहरे काळे पडतात. तेव्हा उजेड आपण होऊन वाढवावा, अधिकच्या खुणेचं बटण दाबावं. मी म्हटलं, आता पुन्हा वाच, आणि बर्फ असेल तिथे फेटा म्हण. तिने तसं वाचलं, आणि वाचता वाचता भिंतीवरच्या फोटोकडे बघून थांबली.

लगेच शेजारच्या कासीमभाईंना उन्हात बसवलं. पांढरी टोपी, पांढरी दाढी, पांढरा सदरा, म्हणजे बर्फच. बटण दाबलं, फोटो काढला. ते बघून म्हणाले, "अरे बिराप्पा, इसमें तो मैं दिख रा!" त्यांच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसत होती. इतका आनंद मला निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
बिराप्पा

ता. क. लग्नाच्या आधीच्या रविवारी फेटा बांधून या आणि अंगणात पाच मिनिटं माझ्यासमोर बसा. फोटोत तुम्हाला तुमचा चेहरा पटला नाही, तर लग्नात मी कॅमेरा पेटीत ठेवीन.

आणखी एक ता. क. खरं तर सगळं पत्र याच्यासाठी लिहिलं. रोल धुणाऱ्याने घाण केली नव्हती. उजेड मी कमी घेतला होता. तो बिचारा तेव्हाच मला म्हणाला होता, मी त्याच्यावरच ओरडलो, आणि चोवीस वर्षं तुम्ही माझ्या चुकीपायी कॅमेऱ्यासमोरून उठून जाताय. मला माफ करा. मायाक्काला मात्र यातलं अक्षर कळू देऊ नका. पाकीट मी स्वतःच चिकटवणार आहे.

अण्णा, मी मायाक्का. ह्ये डिंक आणाया गेल्यात. रोल धुनाऱ्या त्या फोटोवाल्यानं मलाबी तवाच सांगितलं हुतं. मी गप बसले. तुजा राग त्येच्यावर ऱ्हायला तर तू आमच्या घरी येत ऱ्हाशील, ह्यांच्यावर आला तर माजं म्हायेर तुटंल, म्हनून. ह्यांना ह्यातलं सांगू नगंस. आनी लग्नात पोरीच्या मागं हुबा ऱ्हा. तुजं तोंड मला फोटोबिगर ठावं हाय, पर तिच्या लेकरांना कसं ठावं व्हनार?